दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त : चिंतामणराव देशमुख

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त घमापुर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या हीरक महोत्सवात यशस्वी माणसांची नावे अभिमानाने घेतली जातात. कोणी बँकेत वरच्या पदावर पोहोचलेला असतो, कोणी कंपनीचा अध्यक्ष झालेला असतो. असा अभिमान योग्यच आहे. मात्र पद किती मोठे, यापेक्षा ते पद माणसाने कसे सांभाळले आणि वेळ येताच कसे सोडले, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. त्याचे उत्तर शोधताना चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची कारकीर्द डोळ्यांसमोर येते.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजमध्ये त्यांचा विषय होता वनस्पतिशास्त्र. १९१८ मध्ये ते आय. सी. एस. परीक्षेत सर्वप्रथम आले. पुढे देशाच्या अर्थकारणाची सूत्रे ज्याच्या हाती आली, त्याचे शिक्षण संस्कृत आणि वनस्पतिशास्त्रात झाले होते, ही गोष्ट मुलांच्या शाखानिवडीची चिंता वाहणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

त्यांची नेमणूक झाली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा जबलपूरही होते त्याच प्रांतात. येथे ते बंदोबस्त अधिकारी झाले. जमिनीची प्रतवारी लावायची, पीक किती येईल ते ताडायचे आणि त्यावरून शेतसारा ठरवायचा, असे ते काम. अधिकाऱ्याच्या एका आकड्यावर शेतकऱ्याच्या घरातले वर्षाचे धान्य अवलंबून असे. पुढे ते याच प्रांताच्या अर्थखात्याचे सचिव झाले. आकड्यामागे माणूस असतो, हे शिकण्यास याहून चांगली शाळा कोणती?

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. बँकेच्या नोटांवर भारतीय गव्हर्नरची सही उमटू लागली ती त्यांच्यापासून. काळ मात्र अत्यंत कठीण होता. महायुद्ध चालू होते, महागाईने कहर केला होता आणि बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसे मरत होती. भारताने ब्रिटनला पुरवलेल्या मालाच्या आणि सेवेच्या मोबदल्याची रक्कम लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने साठत चालली होती. देश पारतंत्र्यात असूनही जगातील सर्वांत सामर्थ्यवान साम्राज्य त्याचे ऋणको झाले होते! १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घातला गेला, तेव्हा भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव होते आणि या थकबाकीचा प्रश्न तेथे भारताने मांडला.

फाळणीनंतर याहून नाजूक काम पुढे आले. दोन देश वेगळे झाले, परंतु जून १९४८ अखेरपर्यंत दोघांची मध्यवर्ती बँक एकच होती. पाकिस्तानचे नाव छापलेल्या नोटाही नाशिकच्याच छापखान्यातून जात. सीमेवर रक्त सांडत असताना हिशेबाच्या वहीत दोन्ही पक्षांशी सचोटीने वागण्याची जबाबदारी या बँकेवर होती.

रिझर्व्ह बँक तेव्हा खासगी भागधारकांच्या मालकीची होती आणि गव्हर्नर हाच तिच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष असे. १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही चिंतामणरावांच्याच कारकीर्दीत.

१९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. सावकाराच्या दारी जाणाऱ्या खेड्यातल्या माणसासाठी बँकेचे दार उघडावे, हा त्यामागील हेतू होता. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आला. त्याच वर्षी नवा कंपनी कायदा लागू झाला. हे विधेयक संसदेतून पार नेणारे चिंतामणरावच होते. भागधारकांचा पैसा वापरणाऱ्याने भागधारकांना हिशेब दिला पाहिजे, हे त्या कायद्याचे सार. म्हणजे पुढील अर्धशतकाहून अधिक काळ या देशातले कंपन्यांचे अध्यक्ष ज्या चौकटीत वागले, ती चौकट या माणसाच्या हातून उभी राहिली.

आणि त्याच १९५६ च्या जुलै महिन्यात त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय ज्या रीतीने घेतला गेला, ती रीत त्यांना मान्य नव्हती. मुंबईतील गोळीबाराची चौकशी व्हावी, असाही त्यांचा आग्रह होता. मनाला न पटणाऱ्या निर्णयाची जबाबदारी घेऊन खुर्चीवर बसून राहणे त्यांनी नाकारले.

त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. ज्या मध्य प्रांतात चिंतामणरावांनी उमेदवारी केली, त्याचेच दोन भाग झाले. नागपूर आणि वऱ्हाड एका बाजूला गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. भाषेच्या हक्कासाठी राज्य मागणारे तेथे होते. येथील मराठी माणसाच्या वाट्याला राज्य येणार नव्हते. शेजाऱ्याच्या हिंदीशी स्नेह राखून घरातली आणि शाळेतली मराठी त्याने स्वतः जपायची होती. घमापुरातल्या अशा शाळेचे मोल यावरून ध्यानी यावे.

मंत्रिपद सोडल्यानंतर चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. उद्योगातील आणि शासनातील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या हैदराबादच्या संस्थेचीही धुरा त्यांनी वाहिली. पत्नी दुर्गाबाईंसह ते समाजकार्यात रमले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. संस्कृत तर त्यांनी कधीच सोडले नाही. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

बँकेतला पैसा बँकेचा नसतो, कंपनीचे भांडवल अध्यक्षाचे नसते आणि मंत्र्याची सत्ता मंत्र्याची नसते. ही सारी ठेव दुसऱ्याची. ती चोख सांभाळावी आणि मन ग्वाही देईनासे झाले की किल्ल्या ठेवून उठावे, हा चिंतामणरावांच्या आयुष्याचा हिशेब. शाळा हीही अशीच एक ठेव आहे. साठ वर्षांत ती ज्यांनी सांभाळली, त्यांना वंदन. यापुढे ती ज्यांच्या हाती जाईल, त्यांना शुभेच्छा.