दूरच्या हवाई प्रवासातील इंधनाचे नियोजन

वाटेत मोटारीतील पेट्रोल संपले, तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते आणि कोणीतरी डबा घेऊन जवळच्या पंपापर्यंत जाऊ शकतो. आकाशातील वाटेला अशी कडा नसते. म्हणून लहान विमानातून दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या वैमानिकाला इंधनाचा हिशेब जमिनीवर असतानाच पुरा करावा लागतो. कोठे उतरावयाचे, तेथे कोणते इंधन मिळेल, आणि तेथे उतरता आले नाही तर पुढे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असल्याशिवाय केलेले उड्डाण म्हणजे केवळ दैवावर टाकलेला भार होय.

आपल्या देशाच्या विमानवाहतुकीचा आरंभच अशा नियोजनातून झाला. दिनांक १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ जातीच्या एका इंजिनाच्या विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराची सोडली आणि दुपारी ते मुंबईच्या जुहू मैदानावर उतरले. कराचीहून मुंबईचे सरळ अंतर नऊशे किलोमीटरांच्या आतच आहे. परंतु ती रेषा बव्हंशी समुद्रावरून जाते. टाटांनी अहमदाबादेचा मार्ग घेतला. अंतर वाढले, पण खाली जमीन आली आणि प्रवासाचे दोन टप्पे पडले : पहिला सुमारे सहाशे किलोमीटरांचा, दुसरा सुमारे साडेचारशेचा. अहमदाबादेस विमानासाठी पेट्रोल आले ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि हे डबे मैदानापर्यंत आणले बैलगाडीने! पुढे मुंबईहून मद्रासकडचे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. त्यांच्या मार्गावरील थांबा होता बळ्ळारी. ज्या सेवेतून पुढे ‘एअर इंडिया’ उभी राहिली, तिचा पहिला दिवस त्या बैलगाडीच्या वेळेवर येण्यावरही अवलंबून होता, हे विसरता येत नाही.

किलोमीटर नव्हे, तास

इंधनाचा हिशेब किलोमीटरांत करणे ही नवशिक्याची पहिली चूक असते. इंजिन इंधन जाळते ते तासांच्या हिशेबाने. जमिनीवरील किती अंतर त्या तासांत कापले जाईल, हे वारा ठरवितो.

चार आसनांच्या ‘सेस्ना १७२’ या सर्वपरिचित विमानाचे उदाहरण घेऊ. त्याच्या एका प्रचलित प्रकारात वापरण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर मावते. ताशी ३५ लिटर खर्च आणि ताशी २०० किलोमीटर वेग धरला, तर कागदावर ते सुमारे ११४० किलोमीटर जाऊ शकेल. आता जमिनीवरील धाव आणि वर चढताना होणारा जादा खर्च यांपोटी १० लिटर वजा करावेत, आणि एका तासाचे, म्हणजे ३५ लिटर, राखीव म्हणून बाजूस ठेवावेत. उरले १५५ लिटर. त्यांत सुमारे ८८५ किलोमीटर होतात. समोरून ताशी ४० किलोमीटरांचा वारा असेल, तर हाच पल्ला सुमारे ७०० किलोमीटरांवर येतो.

नागपूर ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर आहे. म्हणजे जो प्रवास शांत हवेत एका दमात सहज व्हावा, तोच वाऱ्याच्या दिवशी अगदी काठावर येऊन ठेपतो. अशा वेळी मध्ये एक थांबा घेणे हाच शहाणपणा.

जाताना विरुद्ध असलेला वारा परतताना अनुकूल होईल आणि हिशेब बरोबरीत सुटेल, असा एक समज आहे. तो खरा नाही. ८०० किलोमीटर जाऊन परत येण्यास शांत हवेत आठ तास लागतात. वरील वाऱ्यात जाताना पाच तास आणि येताना तीन तास वीस मिनिटे, असे एकूण आठ तास वीस मिनिटे लागतील. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तोटा पूर्ण भरून निघत नाही.

टाकी काठोकाठ भरावी म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. २०० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे १४५ किलो होते. तेवढा भार घेतल्यावर चार धडधाकट माणसे आणि त्यांचे सामान यांना त्या विमानात मुभा उरत नाही. माणसे अधिक घेतली की इंधन कमी घ्यावे लागते, आणि इंधन कमी घेतले की थांबे वाढतात.

थांबा कसा निवडावा

नकाशावर विमानतळाची खूण दिसली म्हणजे तेथे इंधन मिळेलच असे नाही. प्रवासी जेट विमानांचे इंधन हे रॉकेलच्या जातीचे असते. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानांना ‘ॲव्हगॅस’ हे वेगळे, निळसर रंग दिलेले पेट्रोल लागते. मोठमोठ्या विमानतळांवर पहिले विपुल मिळते. दुसरे आपल्या देशात मोजक्याच ठिकाणी मिळते. हे पेट्रोल पूर्वी आयात करावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशी बनावटीचे ‘ॲव्हगॅस’ बाजारात आणले. तरीही मार्गावरील ठिकाणी साठा आहे काय, याची आधी चौकशी करणे आणि नसेल तर पिंपे अगोदर पोहोचविणे, हे काम वैमानिकाला चुकलेले नाही.

पिंपातील इंधन विमानात भरताना दुप्पट काळजी हवी. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते टाकीच्या तळाशी बसते. म्हणून प्रत्येक भरणीनंतर तळातून थोडे इंधन काचेच्या नळीत काढून त्याचा रंग, वास आणि तळाशी साचलेला थेंब पाहावा लागतो. चुकून जेटचे इंधन भरले गेले, तर विमान उड्डाण करते आणि इंजिन बंद पडते ते थोड्या उंचीवर गेल्यानंतर. ही चूक जमिनीवरच पकडली पाहिजे.

थांब्यावर इंधनाखेरीज इतरही गरजा भागाव्या लागतात. १९३० मध्ये इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील एकट्याने करावयाच्या उड्डाणासाठी आगाखानांनी पारितोषिक ठेवले होते. त्या शर्यतीत टाटा कराचीहून लंडनकडे आणि अस्पी इंजिनियर लंडनहून कराचीकडे निघाले होते. इजिप्तमधील अबुकीर येथे अस्पी अडकून पडले होते, ते एका स्पार्क प्लगपायी. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास दिला. पारितोषिक अस्पींनी जिंकले आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. ही उदारता सर्वज्ञात आहे. परंतु जादा प्लग बरोबर बाळगणारा वैमानिक मुळात दूरदर्शी होता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

पर्यायाची वाट

अमेरिकेच्या नियमांत दिवसाच्या दृश्य उड्डाणासाठी अर्ध्या तासाचे आणि रात्रीसाठी पाऊण तासाचे राखीव इंधन सांगितले आहे. ही किमान मर्यादा आहे. अनुभवी वैमानिक तासाभराचे ठेवतात. राखीव इंधन हे प्रवासाचे इंधन नव्हेच. धुके, पाऊस, धावपट्टीवर आलेली गुरे यांमुळे ठरल्या जागी उतरता आले नाही, तर दुसऱ्या जागी पोहोचण्याची ती शिदोरी होय.

अशी दुसरी जागाच नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण इतिहासात आहे. २ जुलै १९३७ रोजी अमेलिया इअरहार्ट आणि त्यांचे मार्गदर्शक फ्रेड नूनन न्यू गिनीतील ले येथून प्रशांत महासागरातील हाउलंड या चिमुकल्या बेटाकडे निघाले. अंतर चार हजार किलोमीटरांहून अधिक होते. बेटाजवळ अमेरिकेचे ‘इटास्का’ हे जहाज वाट पाहत होते. इंधन कमी होत असल्याचा इअरहार्ट यांचा संदेश जहाजाने ऐकला. पण बेट त्यांना सापडले नाही आणि ते विमान पुन्हा दिसले नाही.

म्हणून प्रत्येक टप्प्यावर आधीच एक निर्णयस्थान ठरवावे लागते. तेथे पोहोचताच घड्याळ पाहावयाचे, जळलेल्या इंधनाचा हिशेब करावयाचा आणि शिल्लक ठरल्यापेक्षा कमी निघाली, तर मागे फिरावयाचे अथवा जवळच्या तळावर उतरावयाचे. लहान विमानातील इंधनदर्शक काट्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही. उड्डाणापूर्वी टाकीत पट्टी बुडवून घेतलेले माप आणि हातावरील घड्याळ हेच विश्वासाचे.

जमिनीवरचे सहकार्य

या साऱ्या नियोजनातील अर्धा भाग वैमानिकाच्या हाती नसतो. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलपाण्याने निकामी होई, तेव्हा टाटांची टपालविमाने पुण्याहून ये-जा करीत. म्हणजे तेथील मैदान त्यासाठी सज्ज असावे लागे. आज बारामती, धुळे, लातूर यांसारख्या ठिकाणी धावपट्ट्या आहेत. रुग्णाला हलविणे असो वा पूरग्रस्तांना मदत पोहोचविणे असो, लहान विमानाला त्या केव्हाही लागू शकतात.

धावपट्टीलगतचे गवत कापलेले आहे, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी फाटलेली नाही, गुरे आत शिरत नाहीत, आणि दूरध्वनी केल्यास उत्तर देणारा माणूस जागेवर आहे, एवढ्या साध्या गोष्टींची निगा आसपासची गावे, शाळा आणि स्थानिक कार्यालये यांच्या सहकार्याने राखली जाऊ शकते. वैमानिक शेकडो किलोमीटर दूर बसून नकाशावर एका धावपट्टीभोवती वर्तुळ काढतो आणि तिच्या भरवशावर टाकीतील लिटर मोजतो. ती धावपट्टी खरोखर उतरण्याजोगी ठेवणे, हे त्या गावाच्या आणि तेथील यंत्रणेच्या हातचे काम आहे.