आई पिलूं कशी ओळखते?

दहिसर नदी ज्या तुळशी तलावांतून निघते, त्याच्या भोंवतालच्या रानांत बिबळ्याची मादी पिलांना झुडुपांत लपवून शिकारीस जाते. असें एकटें पिलूं पोरकें समजूं नये. सस्तन प्राण्यांत माता मुख्यतः वासानें व आवाजानें आपलें पिलूं ओळखते. मेंढी व्याल्यावर कांहीं तासांतच कोंकराचा वास ओळखूं लागते आणि परक्या कोंकरास दूर लोटते. मग माणसाचा हात लागलेलें पिलूं बिबळीण टाकील काय? तसें नाहीं. पुणें जिल्ह्यांत जुन्नरकडे उंसांत सांपडलेलीं पिलें पशुवैद्यांनीं तपासून रात्रीं त्याच जागीं ठेविलीं, तेव्हां पुष्कळदां माता येऊन त्यांना घेऊन गेल्या. म्हणून पिलूं उचलूं नका. वनखात्यास कळवा आणि दूर व्हा. आईची वाट मोकळी ठेवा.