ताळा आपला आपण करावा
(बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." आपल्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं, "बिटकॉइन घेऊ का?" त्याचं उत्तर मी देणार नाही, कारण भाव वर जाईल की खाली हे मला कळत नाही. पण माझ्या घरी एक जुना लॅपटॉप रात्रंदिवस चालू असतो, त्यावर बिटकॉइनचा नोड चालतो. त्याबद्दल बोलते.

गावच्या सोसायटीची खतावणी एका कपाटात असते. तिची हुबेहूब प्रत प्रत्येक सभासदाच्या घरी असती आणि नवी नोंद प्रत्येकानं स्वतः तपासूनच आपल्या प्रतीत उतरवली असती तर? नोड म्हणजे घरची ती प्रत, आणि ती तपासणारा कारकूनही तोच.

त्यासाठी 'बिटकॉइन कोअर' नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ते फुकट आहे आणि त्याचा कोड कोणीही वाचू शकतो. मी लॅपटॉपला २ टीबीची एसएसडी लावली आणि फाइल डाउनलोड केली. पण लगेच चालवली नाही. आधी फाइलचा हॅश काढला, तो प्रसिद्ध केलेल्या यादीतल्या हॅशशी जुळवला आणि त्या यादीवरच्या डिजिटल सह्या तपासल्या. मग नोड सुरू केला. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतची सगळी वही, म्हणजे ६०० जीबीहून जास्त माहिती, तो उतरवून घेत तपासत गेला. वेळ वाचावा म्हणून फार जुन्या व्यवहारांच्या सह्या तपासायचं तो एरवी टाळतो. ती सवलत मी सेटिंगमध्ये बंद केली, म्हणून जवळजवळ पाच दिवस लागले. डिस्क लहान असेल तर जुने ब्लॉक तपासून झाल्यावर पुसून टाकायचीही सोय आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर डेटा खराब होऊ शकतो, म्हणून राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. आता सरासरी दहा मिनिटांनी एक नवा ब्लॉक येतो, नियमात बसला तर नोड तो घेतो, नाहीतर नाकारतो.

या खटाटोपाचा उपयोग काय? १५ ऑगस्ट २०१० ची गोष्ट सांगते. बिटकॉइन एकूण २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत असा नियम आहे. त्या दिवशी कोडमधल्या एका चुकीमुळे एका ब्लॉकमध्ये १८ हजार कोटींहून जास्त बिटकॉइन निर्माण झाले. वही सगळ्यांसमोर उघडी असल्यानं काही तासांतच हे लोकांच्या लक्षात आलं. सातोशी नाकामोटो या टोपणनावानं वावरणाऱ्या निर्मात्यानं दुरुस्ती दिली, नोडवाल्यांनी ती आपापल्या यंत्रावर चढवली आणि तो ब्लॉक बाद झाला. ही सक्ती कोणी केली नव्हती. ताळा जुळत नव्हता, एवढंच कारण पुरलं.

ताळा हा शब्द आपल्या गणिताच्या बाईंचा. गुणाकार बरोबर असला तरी ताळा मांडला नाही तर त्या वही परत करायच्या. शेजारच्याचं उत्तरही तेच आलंय, हे कारण त्यांच्यापुढे चालायचं नाही.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. माझ्या नात्यातले एक गृहस्थ शाळेतून निवृत्त झाले. 'नोड पॅकेज घ्या, रोज परतावा मिळवा' असं सांगणाऱ्या एका ॲपमध्ये त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घातले. स्क्रीनवर आकडा रोज वाढत होता. पैसे काढायला गेले तेव्हा "आधी कर भरा" असं सांगण्यात आलं. तोही त्यांनी भरला. पैसे आजतागायत आलेले नाहीत. ते मला म्हणाले, "अगं, नोड तर तूही चालवतेस ना?"

या प्रश्नानं मला झोप लागली नाही. शब्द तोच होता, पण वस्तू अगदी उलटी होती. बिटकॉइनचा नोड चालवून एक पैसाही मिळत नाही, विजेचं बिल मात्र येतं. नवे बिटकॉइन मिळतात ते मायनिंग करणाऱ्यांना. ते काम वेगळं, त्याची यंत्रं वेगळी. आणि त्यांच्या ॲपमधला आकडा कोणीतरी नुसता लिहिलेला होता. तो तपासायचं कुठलंच साधन त्यांच्या हातात नव्हतं.

म्हणून कोणी अशी योजना घेऊन आलं, तर तीन गोष्टी विचारा. कोड उघडा आहे का? वही मला स्वतःला तपासता येते का? परतावा नेमका कुठून येतो? एकाचंही सरळ उत्तर मिळालं नाही तर उठून या. आपल्याकडे २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे, पण तो सरकारला द्यायचा असतो, पैसे सोडवण्यासाठी ॲपवाल्याच्या खात्यात नव्हे. आणि फसवणूक झालीच, तर लाजू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

नोड चालवलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी जेवणानंतर संगणक कक्षात या, माझा नोड उघडून दाखवते. आणि घरात कोणी निवृत्त झालं असेल, तर आज रात्री त्यांच्याशी एवढ्या तीन प्रश्नांबद्दल बोला.