सत्त्व वावरात, भाव कुणाच्या हातात?

(धामणगाव रेल्वे येथील बैठकीतील भाषण)



पऱ्हाटीचा भाव पडला की धुऱ्यावर एक नवा माणूस येतो. "कापूस सोडा, औषधी लावा. बेणे आम्ही देतो, माल आम्हीच घेतो." त्याच्या कागदावर सही करण्याआधी, झाडातून औषध निघते कसे आणि त्यातला पैसा थांबतो कुठे, हे आपण समजून घेऊ.

मनसुख वाणी हे १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. तिथल्या सरकारने कर्करोगावर औषध शोधण्यासाठी हजारो वनस्पती तपासायला घेतल्या होत्या. वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातले कॅम्प्टोथेसिन जगापुढे मांडले, १९७१ साली यू झाडाच्या सालीतले टॅक्सॉल. ही साल जंगलातून आणली होती १९६२ साली. औषधाला मंजुरी मिळाली १९९२ साली. मध्ये तीस वर्षे गेली!

एक किलो टॅक्सॉलसाठी हजारो झाडांची साल लागे. मग यूच्याच दुसऱ्या जातीच्या पाल्यातून अर्धे तयार द्रव्य काढून ते कारखान्यात पुरे करण्याची रीत निघाली. पुढे झाडाच्या पेशीच टाक्यांत वाढवू लागले. सालीची गरज संपली. शोध झाडात लागतो, पण कारखानदाराची धडपड झाडावाचून भागवण्याचीच असते.

कॅम्प्टोथेसिनचे दुसरे झाड आपल्या सह्याद्रीत आहे. त्याचे नाव नरक्या. त्यातही हेच द्रव्य आहे हे १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले. १९९६ साली त्या द्रव्यापासून बनलेली औषधे अमेरिकेत मंजूर झाली. मागणी वाढली, नरक्या तुटला. लाकूड क्विंटलाने गेले, औषध मिलिग्रॅमने विकले गेले. तोडणाऱ्याच्या हाती मजुरीच पडली. कापूस क्विंटलाने विकून कापड मीटरने घेणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या जिल्ह्यांकडे या. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात पानपिंपळी पिकते. पिंपळीतले पायपरीन क्षयाच्या औषधासोबत दिले तर ते औषध अंगात जास्त शोषले जाते. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेच्या या कामातून २००९ साली एक गोळी बाजारात आली. त्यात रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम. पण हेच द्रव्य मिऱ्यातही असते. कंपनी जिथे स्वस्त मिळेल तिथून घेणार.

शिवाय पिंपळीला पाणी आणि सावली लागते. कोरडवाहूत येणारी औषधी म्हणजे अश्वगंधा. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे तिचे पीकही आहे, बाजारही आहे. पण तिला हलकी, निचऱ्याची जमीन हवी. भारी काळ्या वावरात पाणी साचले की मूळ सडते.

जैवविविधता कायदा २००२ साली झाला, त्यात वनस्पतीच्या लाभातला हिस्सा स्थानिकांना देण्याची तरतूद आली. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पती तिच्यातून वगळल्या. म्हणजे शेतात पिकवणाऱ्याचा हिस्सा आता एकच उरला: भाव!

म्हणून धुऱ्यावरच्या माणसाला चार प्रश्न विचारा. बेणे विकणारा आणि माल घेणारा एकच आहे काय? असेल तर त्याचा धंदा बेण्याचा आहे, मालाचा नाही, असे समजा. दुसरा घेणारा कोण आणि कुठल्या बाजारात? भाव ओल्या वजनावर की वाळलेल्या? मुसळी सोलून वाळवली की ओल्याचा पाचवा हिस्सा उरतो. आणि सत्त्व तपासणार कोण, कोणाच्या समोर?

दुधाला फॅटवर भाव मिळतो, उसाला उताऱ्यावर. औषधीला सत्त्वाच्या उताऱ्यावर भाव मिळाला पाहिजे, आणि तपासणीचा कागद शेतकऱ्याच्या हातात पडला पाहिजे. हे एकट्याने मागून मिळत नाही. दहा-वीस जणांनी मिळून माल वाळवावा, मिळून तपासावा, मिळून विकावा.

तोवर ज्वारी-कापूस मोडू नका. करायचेच असेल तर पाव एकरावर करून पाहा. खरेदीदार लेखी मिळेपर्यंत बाकीच्या वावराला हात लावू नका.