आधी मेहनत, मग खुराक



१८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत राहिले, आणि राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम त्यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात नोंदवून ठेवला. पहाटे मल्लखांबावर मेहनत, नंतर घोड्याची रपेट आणि त्यानंतर खुराक व दूध, असा तो क्रम. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले होते. त्याच बाजीरावांच्या बिठूरात लहानपण गेलेल्या राणीने ती मेहनत झाशीच्या वाड्यातही सोडली नाही.

इथे खुराक मेहनतीच्या मागून येतो. आज अनेक घरांत जिमची फी भरली जाण्याआधीच प्रथिनांच्या पुडीचा डबा येतो.

या डब्याचे मोजमाप झालेले आहे. वजने उचलून व्यायाम करणाऱ्या १,८६३ व्यक्तींवरील ४९ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. पूरक प्रथिनांमुळे व्यायामाच्या फळात भर पडते हे खरे. पण चरबीविरहित वजनातील ती भर सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती. दिवसाकाठी शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पोटात गेल्यावर अधिकाचा लाभ दिसला नाही.

मग पहिल्या दोन महिन्यांत वजने भराभर वाढतात, ती कशाने? आरंभीची वाढ बव्हंशी मज्जासंस्थेची असते. स्नायूंतील अधिकाधिक तंतू एकाच वेळी कामाला लावण्यास शरीर शिकते. दंडाचा घेर मागाहून वाढतो. नवशिका मात्र श्रेय डब्याला देतो, आणि दुसरा डबा आणतो!

साठ किलोच्या तरुणाला १.६ च्या हिशेबाने ९६ ग्रॅम प्रथिने लागतील. चार पोळ्या, डाळ-भात, अर्धा लिटर दूध, वाटीभर दही, ५० ग्रॅम सोयावडी, तेवढेच भाजलेले चणे आणि मूठभर शेंगदाणे यांत हा आकडा जवळपास गाठला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रथिनांची पूड टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

क्रिएटिनची गोष्ट थोडी निराळी. रोज तीन ते पाच ग्रॅमने प्रौढांची ताकद वाढते, याला भक्कम आधार आहे. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसल्याने शाकाहाऱ्यांच्या स्नायूंतील साठाही कमी असतो. आरंभी काट्यावर वाढलेले वजन मात्र पुष्कळसे पाण्याचे असते.

खरी चिंता डब्यात लपलेल्या वस्तूची. जर्मनीतील कोलोन येथील उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेने १३ देशांत खरेदी केलेली ६३४ पूरके तपासली. त्यांपैकी ९४ मध्ये वेष्टनावर न छापलेली संप्रेरकसदृश द्रव्ये सापडली. वयात येणाऱ्या मुलाला अशा द्रव्यांचा अपाय अधिक, कारण हाडांची वाढ त्यांनी अकाली थांबू शकते. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला तर ‘ठाऊक नव्हते’ हा बचावही सहसा तारत नाही.

तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाने डबा मागितला, तर पालकांनी आधी आठवडाभर त्याचे खाणे, झोप आणि उचललेली वजने वहीत लिहून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून कसलीही पूड देऊ नये.