सोमवारी सांगते
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. ती मी एका राहून गेलेल्या माफीसाठी वापरणार आहे.

नववीत भूगोलाच्या तासाला मी विचारलं होतं, "बाई, खाणीत सोनं येतं कुठून?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. सोमवारी सांगते." सोमवारी त्यांनी सांगितलं, "गरम पाणी आणतं." सगळा वर्ग हसला. प्रश्न माझा होता, तरी सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी पुढचा धडा काढला.

पुढे मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये शिरले. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे तांब्याच्या एका खाणीचं काम आलं. जमिनीत खोल भोक पाडून दगडाच्या लांब कांड्या काढतात. दर मीटरला तांबं किती, सोनं किती, हे आकडे आम्ही पडद्यावर दाखवायचे. एका खोलीवर आकडे एकदम चढले. मला वाटलं, प्रोग्रॅम चुकला. दोन दिवस चूक शोधली. शेवटी तिथल्या भूशास्त्रज्ञांना विचारलं. ते म्हणाले, "चूक नाही. इथून गरम पाणी गेलंय." मला आपला वर्ग आठवला.

ते घडतं असं. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस थंड होऊ लागतो, त्याचे स्फटिक बनतात. त्यातलं बरंचसं पाणी या स्फटिकांत मावत नाही, ते बाहेर पडतं. शेकडो अंश तापलेलं, खारट, सोबत गंधक घेतलेलं. मिठातलं क्लोरीन तांब्याला धरून ठेवतं, गंधक बहुतेकदा सोन्याला. हे पाणी खडकाला तडे पाडत वर चढतं. वर दाब कमी, उष्णता कमी. पाक निवला की साखर भांड्याच्या कडेला धरते, तसं तांबं गंधकाशी जोडून तड्यांत बसतं. पाणी उकळलं की गंधकाचा वायू निसटतो आणि सोन्याचा आधार सुटतो. तेही तिथंच बसतं, गारगोटीच्या शिरांसोबत.

साध्या खडकाच्या एका टनात तांबं साधारण ३० ते ६० ग्रॅम असतं. मोठ्या उघड्या खाणीत टनामागे ५ किलो मिळालं तरी परवडतं. म्हणजे जवळजवळ शंभरपट, आणि ते काम पाण्याचं. अमेरिकेत युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यनला हे सुमारे ३.८ कोटी वर्षांपूर्वी घडलं. १९०६ पासून तिथं उघडी खाण चालू आहे, खड्डा सव्वा किलोमीटरच्या आसपास खोल गेलाय, आणि तांब्याबरोबर सोनंही निघतं. आपल्या कोलारचं सोनंही गारगोटीच्या शिरांतच होतं.

आणि आपण दगडखाणीतून खिशात भरून आणायचो ते चमकणारे खडे? आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पाणी झिरपूनच ते तयार झाले. तांब्याची खाण काही झाली नाही, पण कारागीर तोच.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुमचं उत्तर बरोबर होतं. तेव्हा हसले, त्याबद्दल मला माफ करा.

आणखी एक. आता माझ्या हाताखालची मुलं मला अडचणीचं विचारतात, तेव्हा मी न लाजता म्हणते, "मला माहीत नाही. सोमवारी सांगते." आणि सोमवारी खरंच सांगते. हे मी तुमच्याकडूनच शिकले.