भरलेली ट्रॉली जागची हलवताना



अनंत चतुर्दशीला जुहूच्या किनाऱ्यावर गेलात, तर दर्शन झाल्यावर जरा गाड्यांच्या चाकांकडेही बघा. मोठ्या मूर्ती घेऊन ट्रक वाळूत उतरतात. चाके रुतू नयेत म्हणून महानगरपालिका वाळूवर लोखंडी प्लेटा अंथरते. तरीही प्लेटेवरून चाक घसरले की गाडी रुततेच. नवखा ड्रायव्हर लगेच रेस वाढवतो. चाक जागच्या जागी गरगरते आणि आपल्यासाठी आपणच खड्डा खणते. मुरलेला ड्रायव्हर काय करतो? इंजिन बंद करून खाली उतरतो, चाकापुढची वाळू फावड्याने ओढतो, खाली फळी सारतो आणि मग हळूच गाडी काढतो.

तुम्ही म्हणाल, जुहूची वाळू आणि आमचा उसाचा फड, संबंध काय? संबंध असा, की ओल्या फडात भरलेल्या ट्रॉलीचे हेच होते. फक्त तिथे प्लेटा अंथरायला कोणी नसते, आणि ट्रॅक्टरचा धोका ट्रकपेक्षा मोठा.

कोणतेही ओझे चालू ठेवण्यापेक्षा जागचे हलवायला जास्त जोर लागतो. हे बैलाला न शिकवता कळते. तो आधी मान खाली घालून जुवावर भार घेतो, मग पाऊल टाकतो. हिसका मारत नाही. ट्रॅक्टरही तसाच काढायचा. सर्वांत खालचा गिअर टाका. रेस मध्यम ठेवा. क्लच सावकाश सोडत हुकातली ढिलाई आधी ताणून घ्या, ओझे अंगावर आले असे जाणवले की मग बाकीचा क्लच सोडा. गाडी हलली की पाय क्लचवरून काढा; अर्धा दाबून ठेवाल तर प्लेट जळेल आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर गॅरेजात. सुरुवात सरळ रेषेत करा, वळण नंतर घ्या. एकच चाक फिरत असेल तर डिफरेन्शियल लॉक लावता येतो, पण चाक थांबवून, आणि लॉक असताना वळायचे नाही, बरं का.

आता धोक्याचे बोलू. मागचे चाक अडले आणि तुम्ही क्लच झटक्यात सोडला, तर इंजिनाचा जोर जाणार कुठे? चाक फिरेना, म्हणून ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरू लागते. तोंड वर उठते. एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकावर उलटतो. उडी मारू, क्लच दाबू, हे सगळे नंतर सुचते.

म्हणूनच रुतलेल्या चाकाला साखळीने ओंडका बांधून बाहेर काढण्याचा जो गावठी उपाय आहे ना, तो कृपा करून सोडा. ओंडका जमिनीत अडला की चाक पक्के बांधले जाते, आणि वर सांगितले तेच घडते. त्यापेक्षा चाकापुढची माती काढा, पाचट किंवा फळ्या घाला, आणि जमल्यास मागे घेऊन काढा. मागे घेताना तोंड उठण्याची भीती कमी. तेही होत नसेल तर निम्मा ऊस उतरवा. मजुरी जाईल, हे मान्य. जाऊ द्या.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवा. टॉप लिंकला किंवा आसाच्या वर कुठेही अडकवली, तर ओढ तोंड उचलायलाच मदत करते. साखळी ताणली जात असताना जवळ कोणी उभे राहू नये. तुटली तर चाबकासारखी येते. नायलॉनचा दोर तर त्याहून वाईट, तो आधी ताणतो आणि मग तुटतो.

दोन चाकी ट्रॉली भरतानाही लक्ष द्या. भार फार मागे गेला की हुक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढे आला की हुक दबतो, ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजने लावायची सोय असेल तर हंगामात ती काढून ठेवू नका.

आणखी एक धोक्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो. मडगार्डवर दोन्हीकडे पोरे बसवलेली असतात. त्यांना आधी खाली उतरवा, बांधावर उभे करा, आणि मगच क्लचवर पाय ठेवा.